दुसरे घर आणि पहिल्या घराचा प्रश्न

चेन्नई शहराच्या दक्षिणेस, अड्यार नदी जेथे समुद्राला मिळते त्या परिसरात, एका विशिष्ट प्रकारची घरखरेदी चालू आहे. घेणाऱ्याचे राहते घर दुसरीकडे असते : बंगळूरला, मुंबईला, पुण्याला, नाही तर सिंगापूरला किंवा अमेरिकेत. अड्यारचे घर हे त्याचे दुसरे घर. ते कशासाठी घेतले असे विचारल्यास उत्तर ठरलेले असते. आईवडील तेथे राहतील, सुटीत मुले येतील, आणि मधल्या काळात घर नुसते बंद राहण्यापेक्षा आल्यागेल्या पाहुण्याला चार दिवस भाड्याने देता येईल. हे उत्तर इतके घरगुती वाटते की त्यात राजकारण शोधणे हा आडमुठेपणा ठरावा. कर्मचारी संघटनांमध्ये आयुष्य घालविलेल्या, संपात आणि मोर्चात पुढे राहिलेल्या माणसांच्या तोंडूनही ते आता सहजपणे ऐकू येते. त्याची तपासणी म्हणूनच आवश्यक झाली आहे.

अड्यार हे नाव महाराष्ट्रातील वाचकांना अपरिचित नाही. थिऑसॉफिकल सोसायटीने १८८२ मध्ये येथे आपले मुख्यालय आणले. १९१६ मध्ये टिळकांची होमरूल लीग महाराष्ट्र व कर्नाटकात काम करीत असताना बेझंटबाईंच्या लीगची सूत्रे अड्यारहून हलत होती. याच सोसायटीच्या वर्तुळातील, मुंबईहून आलेल्या बी. पी. वाडिया यांनी १९१८ च्या एप्रिलमध्ये मद्रास लेबर युनियनच्या स्थापनेत पुढाकार घेतला. देशातील आधुनिक कामगार संघटनांच्या इतिहासाचे पहिले पान तेथे लिहिले गेले. १९२३ मध्ये मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावर देशातील पहिला मे दिन साजरा करणारे आणि १९२५ च्या कानपूर परिषदेचे अध्यक्षपद भूषविणारे सिंगारवेलर हे कोळी समाजातच जन्मलेले होते. या किनाऱ्याचे आणि आपल्या चळवळीचे नाते असे जुने आहे.

आज त्या किनाऱ्यावर दोन वस्त्या शेजारीशेजारी उभ्या आहेत. एक बेझंट नगर. तामिळनाडू गृहनिर्माण मंडळाने आखलेली, आता शहरातील महागड्या भागांत मोडणारी. दुसरी ऊरूर कुप्पम आणि तिला लागून ऑल्कॉट कुप्पम, म्हणजे मच्छीमारांची गावे. ही गावे बेझंट नगराच्या आधीची आहेत. होड्या ओढण्यास, जाळी विणण्यास व मासळी वाळविण्यास लागणारी वाळू हे कोळ्याच्या दृष्टीने त्याचे अंगण, त्याचे कोठार आणि त्याचा कारखाना होय. बेझंट नगरातील सज्जामधून पाहणाऱ्याला तीच वाळू म्हणजे 'समुद्रदर्शन' असते, आणि सदनिकेच्या किमतीत त्या दर्शनाचे पैसे मिळविलेले असतात. किनाऱ्यावरून उन्नत मार्ग नेण्याची योजना जेव्हा पुढे आली तेव्हा ती अडविण्यास कोळी उभे राहिले. दुसऱ्या घराचा मालक त्या वेळी बहुधा गावातच नसतो.

या सदनिकेचे वर्ष कसे जाते ते पाहण्यासारखे आहे. मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, संगीतसभांचा मोसम असतो. परदेशस्थ मंडळी त्यासाठी मुद्दाम येतात. त्या दिवसांत मालकाचे कुटुंब येते, किंवा न आल्यास दर चढे असतात. मे महिन्यात नातवंडे येतात. उरलेल्या काळात येणारा पाहुणा निराळा असतो. १९५४ मध्ये डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या पुढाकाराने स्थापन झालेली कर्करोग संस्था अड्यारलाच आहे, आणि दक्षिण चेन्नईत मोठी खाजगी इस्पितळेही पुष्कळ आहेत. उपचारासाठी दुरून आलेल्या कुटुंबाला आठवडे-पंधरवडे कोठे तरी राहणे भागच असते. ज्याला 'सुटीतील अधूनमधूनचे भाडे' म्हणतात, त्यातील बरेचसे भाडे या मार्गाने आजाऱ्याच्या नातलगांच्या खिशातून येते. संस्थेच्या आवारात धर्मशाळा पुरेशी असती तर हा बाजार असा बहरला नसता. सार्वजनिक सोय जेथे अपुरी पडते तेथे खाजगी भाडे उगवते, हा नियम गृहनिर्माणापुरता मर्यादित नाही.

आता त्या घरात महिन्याच्या भाड्याने कोण राहिले असते ? शाळाशिक्षक, परिचारिका, इस्पितळातील तंत्रज्ञ, राज्य परिवहनाचा वाहक, आयआयटीतील कंत्राटी कर्मचारी. अशा कुटुंबाला घर दिले की त्याचा करार होतो, त्याला काही हक्क प्राप्त होतात, भाडे वाढविताना त्याच्याशी बोलावे लागते. तामिळनाडूचा घरमालक-भाडेकरू कायदा २०१७ चा आहे, तो २०१९ मध्ये अंमलात आला, आणि मालकांना पुष्कळसा अनुकूल आहे. तरीही त्यात भाडेकरू नावाचा माणूस अस्तित्वात आहे. दिवसाच्या पाहुण्याला असा कोणताच हक्क नसतो. तो पेटी घेऊन येतो आणि पेटी घेऊन जातो. महिनाभराच्या भाड्याइतकी रक्कम दिवसाच्या दराने थोड्याच दिवसांत सुटत असेल, तर बाजाराच्या नियमाप्रमाणे कायमचा भाडेकरू दूर सारला जातो. मालक दुष्ट असण्याची त्यासाठी आवश्यकता नाही. घराचे उपयोग-मूल्य आणि विनिमय-मूल्य यांतील विरोध येथे एकाच चार भिंतींच्या आत दिसतो. वर्षातील काही आठवडे ते कुटुंबाचे घर असते, आणि बाकीचे आठवडे ते भांडवल असते किंवा कुलूप लावलेली जागा असते.

कुलपाचा हिशेब सरकारनेच केलेला आहे. २०११ च्या जनगणनेत देशातील शहरांमध्ये सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी आढळली. त्यानंतर लगेच, २०१२ मध्ये, केंद्र सरकारच्या तज्ज्ञगटाने शहरी घरांची टंचाई सुमारे १ कोटी ८८ लाख असल्याचे सांगितले, आणि त्या टंचाईचा ९५ टक्क्यांहून अधिक भार आर्थिकदृष्ट्या दुर्बल व अल्प उत्पन्न गटांवर असल्याचेही नमूद केले. पुढची जनगणना २०२१ मध्ये व्हावयाची होती, ती वेळेवर झालीच नाही. एंगल्सने १८७२ मध्ये घरांच्या प्रश्नावर लिहिताना दाखवून दिले होते की मोठ्या शहरांत घरे पुरेशी असतात, त्यांची वाटणी आणि वापर मालमत्तेच्या नियमाने होतो म्हणून ती अपुरी पडतात. त्याने आणखी एक गोष्ट सांगितली होती. भांडवलदार वर्ग घरांचा प्रश्न सोडवीत नाही, तो केवळ एका जागेवरून दुसऱ्या जागेवर हलवितो.

अड्यारच्या काठी हे हलविणे नजरेसमोर झाले आहे. १९७० मध्ये स्थापन झालेल्या तामिळनाडूच्या झोपडपट्टी निर्मूलन मंडळाने पहिल्या दशकात बऱ्याच ठिकाणी मूळ जागीच तीन-चार मजली चाळवजा इमारती बांधल्या. त्या बांधकामात दोष होते, पण माणूस आपल्या कामाजवळ राहिला होता. पुढे धोरण बदलले. २००० सालापासून कण्णगी नगर, मग सेम्मंचेरी, मग पेरुंबाक्कम अशा प्रचंड वसाहती शहराच्या दक्षिणेकडील कडेला, पळ्ळिक्करणैच्या दलदलीच्या आसपास उभ्या केल्या गेल्या आणि शहराच्या मध्यातील गरीब तेथे नेऊन टाकण्यात आले. २००४ च्या त्सुनामीनंतर किनाऱ्यावरील कित्येक कोळी कुटुंबेही सुरक्षिततेच्या नावाखाली सेम्मंचेरीला गेली. समुद्रापासून इतक्या दूर राहणारा कोळी पहाटे होडी कशी लोटणार, याचे उत्तर कोणी दिले नाही.

डिसेंबर २०१५ च्या महापुरानंतर नदीकाठच्या झोपड्यांवर पुन्हा संक्रांत आली. चेंबरंबाक्कम जलाशयातून पाणी सोडण्याच्या गैरव्यवस्थेमुळे पूर वाढला आणि महालेखापालांच्या अहवालाने ती आपत्ती मानवनिर्मित ठरविली. परंतु हटविण्यात आली ती पात्रालगतची गरिबांची वस्ती. त्याच नदीवर पूल घालून विमानतळाची धावपट्टी पलीकडे नेली आहे, ती जागच्या जागी आहे. नदी अडविल्याचा गुन्हा कोणाच्या नावावर लिहायचा हे जमिनीच्या किमतीवरून ठरते.

मे २०२२ मध्ये अड्यारच्या पलीकडच्या तीरावरील राजा अण्णामलैपुरम भागात, बकिंगहॅम कालव्यालगतच्या गोविंदसामी नगरातील घरे न्यायालयाच्या आदेशावरून पाडण्यास सुरुवात झाली. दशकानुदशके तेथे राहिलेल्या एका वृद्ध रहिवाशाने भर रस्त्यात स्वतःला पेटवून घेतले आणि दुसऱ्या दिवशी त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर मुख्यमंत्री स्टालिन यांना विधानसभेत सांगावे लागले की या कुटुंबांना जवळच, मंदवेळी-मैलापूर परिसरात घरे देण्याचा विचार केला जाईल. जवळ जागा नाही असे तोपर्यंत सांगितले जात होते. एक मृत्यू झाल्यावर जागा सापडली. ज्या शहरात जवळ जागा नसते, त्याच शहरात दुसऱ्या घरासाठी ती असते, एवढे या घटनेतून नीट लक्षात घ्यावे.

मुंबईच्या वाचकांना यात काही नवे वाटणार नाही. पदपथावरील रहिवाशांच्या खटल्यात, १९८५ मध्ये, सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्कातच येतो असे मान्य केले, आणि त्याच निकालाने पावसाळा संपल्यावर झोपड्या पाडण्यास वाटही मोकळी ठेवली. मद्रासच्या झोपडीवासियांची याचिकाही त्याच वर्षी त्याच तत्त्वावर निकालात निघाली. त्या निकालातील पहिला भाग वकील उद्धृत करतात, दुसरा भाग महापालिका अंमलात आणतात.

कण्णगी नगरातून सकाळी निघणाऱ्या बसमध्ये उभ्या असलेल्या स्त्रियांपैकी अनेकजणी अड्यार, बेझंट नगर, तिरुवान्मियूर येथे घरकामास जातात. पूर्वी त्या चालत कामावर जात. आता प्रवासाचे तास आणि भाडे त्यांच्या रोजातून जातात. दिवसाच्या भाड्याने दिलेल्या सदनिकेत दर पाहुण्यामागे चादरी बदलणे, संडास धुणे, स्वयंपाकघर आवरणे हे काम याच हातांवर अवलंबून असते. २०१९ च्या उन्हाळ्यात जलाशय आटले आणि शहरभर टँकर धावू लागले. पैसे मोजू शकणाऱ्या इमारतीच्या टाकीत पाणी पडत होते, वस्तीत घागरींच्या रांगा लागत होत्या. पाहुण्याच्या स्नानाचे पाणी आणि मोलकरणीच्या घागरीतील पाणी यांचा उगम एकच आहे.

सरकारने या व्यवहारात तटस्थ राहणे पसंत केले असते तरी एक वेळ समजू शकले असते. तसे झाले नाही. पूर्वी दुसरे घर स्वतःच्या वापरासाठी रिकामे ठेवले तरी त्याचे कल्पित भाडे उत्पन्नात धरून त्यावर आयकर लागत असे. घर अडवून ठेवण्याची ती थोडीशी किंमत होती. २०१९ च्या हंगामी अर्थसंकल्पाने दुसऱ्या घरालाही ही सूट दिली, आणि त्याच वेळी एक घर विकून आलेल्या नफ्यातून, २ कोटी रुपयांच्या मर्यादेत, दोन घरे घेण्याची मुभा दिली. घरकर्जाच्या व्याजावरची सवलत निराळीच. जमीनधारणेवरील मर्यादा तर कधीच गेली. १९७६ च्या नागरी कमाल जमीनधारणा कायद्याने मुंबईत ५०० चौरस मीटरची मर्यादा घातली होती. केंद्राने तो कायदा १९९९ मध्ये रद्द केला, तामिळनाडूने त्याच वर्षी आपला कायदा गुंडाळला आणि महाराष्ट्राने २००७ मध्ये. त्या कायद्याच्या पळवाटांतून किती जमीन निसटली हे सर्वांना ठाऊक आहे. तथापि, एका कुटुंबाने किती जागा अडवावी हा प्रश्न राज्यसंस्थेने विचारण्याजोगा आहे, हे तत्त्व तरी त्यात होते.

येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो. कामगाराला दुसरे घर नव्हते काय ? गिरणगावात खोली आणि कोकणात किंवा घाटावर गावचे घर, असे मुंबईचा गिरणी कामगार पिढ्यान्‌पिढ्या जगला. हे खरे आहे, आणि म्हणूनच त्याचा अर्थ नीट लावला पाहिजे. खोलीत दहा-पंधरा गडी पाळीपाळीने झोपत, खाणावळीत जेवत, आणि बायकोमुले गावी राहत, कारण मजुरी अख्ख्या कुटुंबाला मुंबईत पोसण्याइतकी नव्हती. गावची भातशेती आणि तेथे राबणारी स्त्री यांनी मालकाच्या मजुरीखर्चाचा एक भाग उचलला होता. ते दुसरे घर कामगाराच्या दारिद्र्यातून आलेले होते आणि नफा मालकाला मिळवून देत होते. त्याच घराने एक काम मात्र मालकाविरुद्ध केले. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा हजारो कामगार गावी गेले आणि त्या घराच्या आधाराने संप इतका काळ टिकला. आज त्याच कोकणात, अलिबाग-किहीम-मांडवा पट्ट्यात, शहरातील धनिकांचे बंगले शनिवार-रविवारसाठी उभे आहेत. १९४८ च्या कूळकायद्याचे कलम ६३ शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेऊ देत नाही, तरी ते उभे आहेत. किनारपट्टीच्या २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावरील २०० मीटरचा निषिद्ध पट्टा ५० मीटरवर आणण्याची वाट करून दिली. चेन्नईत तिरुवान्मियूरहून महाबलीपुरमकडे जाणाऱ्या किनारारस्त्यावर चित्र तेच आहे. गावचे घर आणि किनाऱ्याचा बंगला या दोहोंना 'दुसरे घर' हा एकच शब्द लावणे म्हणजे भाकरी आणि केक यांना 'पीठ' म्हणण्यासारखे होय.

यांच्या मधोमध पगारदार उभा आहे. बँकेतला, विम्यातला, केंद्र सरकारी खात्यातला किंवा संगणक कंपनीतला. त्याच्याविषयी सरसकट तुच्छतेने बोलणे सोपे आहे आणि चूकही आहे. २००४ नंतर केंद्र सरकारच्या सेवेत आलेल्यांना जुने निवृत्तिवेतन राहिले नाही. खाजगी नोकरीत तर ते बहुतेकांना कधी नव्हतेच. म्हातारपणी इस्पितळाचे बिल कोण भरणार, या भीतीपोटी तो भिंतीत पैसा घालतो. निवृत्तिवेतनाचा हक्क काढून घेणाऱ्या राज्यानेच त्याला घरभाड्यावर जगण्याचे स्वप्न दाखविले आहे. परंतु या वाटेने जाताना त्याचा हितसंबंध हळूहळू फिरतो. जमिनीचे भाव चढावेत असे त्याला वाटू लागते. भाडेनियंत्रणाची मागणी त्याला स्वतःवरचा हल्ला वाटते. शेजारची वस्ती हटली तर आपल्या सदनिकेचा भाव वाढेल, हा विचार तो बोलून दाखवीत नाही, पण तो मनात येतो. संघटनेच्या सभेत हात वर करणारा तोच माणूस सोसायटीच्या सभेत वस्तीकडचे फाटक बंद ठेवण्याच्या ठरावाला संमती देतो. हा जनतेतीलच अंतर्विरोध आहे. तो निंदेने मिटणार नाही, आणि 'हा ज्याचा त्याचा खाजगी प्रश्न' म्हणून झाकूनही ठेवता येणार नाही.

हा अंतर्विरोध किती खोल आहे याचा अनुभव डाव्या चळवळीने केरळात घेतला आहे. २०११ च्या जनगणनेनुसार तेथे दहा लाखांहून अधिक घरे रिकामी होती. त्यांतील पुष्कळशी परदेशी कमाईतून बांधलेली. फेब्रुवारी २०२३ च्या अर्थसंकल्पात त्या वेळच्या डाव्या लोकशाही आघाडी सरकारचे वित्तमंत्री के. एन. बालगोपाल यांनी बंद घरांवर कर सुचविला. लगेच गदारोळ झाला. आखाती देशांत घाम गाळून बांधलेल्या घरावर कर का, हा प्रश्न विरोधकांनी उचलला आणि थोड्याच दिवसांत सरकारला प्रस्ताव मागे घ्यावा लागला. ज्या सरकारने 'लाइफ' योजनेतून लाखो बेघरांना घरे बांधून दिली, त्याला बंद घराला हात लावता आला नाही. आखातात खपणाऱ्या सुताराचे एकमेव घर आणि एकाच व्यक्तीची चार कुलुपे, यांतील फरक लोकांसमोर आधी मांडला गेला नव्हता. कर आधी आणि प्रचार नंतर, हा क्रम उलटा होता.

भांडवलशाही देशांतही हा प्रश्न आता टाळता येत नाही. स्वित्झर्लंडमध्ये मार्च २०१२ मध्ये जनमत घेतले गेले आणि कोणत्याही ग्रामपालिकेत दुसरी घरे २० टक्क्यांहून अधिक नसावीत, असा निर्णय निसटत्या बहुमताने झाला. बार्सिलोनाच्या महापौरांनी २०२४ मध्ये जाहीर केले की पर्यटकांना देण्यात येणाऱ्या सुमारे १० हजार सदनिकांचे परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपुष्टात आणले जातील. स्वित्झर्लंडमध्ये समाजवाद आलेला नाही. घर ही राहण्याची वस्तू आहे, एवढे तेथील मतदारांना डोंगरउतार बंगल्यांनी भरल्यावर उमगले.

आपल्याकडे मागण्या यापेक्षा अवघड नाहीत. एकाहून अधिक घरे असलेल्या कुटुंबाचे बंद घर करपात्र व्हावे आणि २०१९ ची सूट मागे घेतली जावी. कामासाठी स्थलांतर केलेल्याचे एकमेव घर त्यातून वगळले जावे. दिवसाच्या भाड्याने घर देणाऱ्याची महापालिकेत नोंद व्हावी. केंद्राच्या पर्यटन खात्याच्या 'बेड अँड ब्रेकफास्ट' योजनेत मालकाने कुटुंबासह त्याच घरात राहिले पाहिजे अशी अट आहेच. तीच अट सर्वांना लागू केली तर आपल्या घरातील एक खोली पाहुण्याला देणारी ऊरूर कुप्पमची कोळीण आणि सिंगापूरहून किल्ली फिरविणारा मालक आपोआप वेगळे होतील. कराची रक्कम मूळ जागीच घरे बांधण्याकरिता राखून ठेवावी, आणि कर्करोग संस्थेसारख्या रुग्णालयांजवळ नातलगांसाठी सार्वजनिक निवास उभारावेत.

बँक व विमा कर्मचाऱ्यांच्या संघटनांकडे यात एक विशेष काम येते. सवलतीच्या व्याजाचे घरकर्ज हा त्यांनी लढून मिळविलेला हक्क आहे. ते कर्ज पहिल्या घरासाठी प्रथम मिळावे आणि दुसऱ्या घरासाठी सवलत नसावी, अशी भूमिका संघटनेने स्वतःहून घेतली, तर कंत्राटी आणि तरुण कर्मचाऱ्यांपुढे तिचे वजन वाढेल. निवृत्तिवेतनाच्या लढ्याशी ही भूमिका जोडली गेली पाहिजे, अन्यथा ती नुसता उपदेश ठरेल. आणि चेन्नईतील घरकामगार स्त्रियांच्या संघटनेपुढचा प्रश्न त्याहून जवळचा आहे. २०१८ मध्ये तामिळनाडू सरकारने घरकामासाठी किमान वेतन ठरविले, ते तासाला ३७ रुपयांपासून. दिवसाच्या भाड्याच्या सदनिकेत पाहुण्याकडून पुष्कळदा 'स्वच्छता आकार' म्हणून वेगळी रक्कम घेतली जाते. त्या रकमेतील किती रुपये कण्णगी नगरहून आलेल्या स्त्रीच्या हातात पडतात, याचा हिशेब मालकाकडे लेखी मागण्यास कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.